मिस्त्रीकाका, तुम्ही अण्णांचं माप शोधून दिलंत

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या दुकानात मला नीट बोलता आलं नाही. पैसे दिले, सायकल टेम्पोत चढवली, "येते हं" म्हणाले आणि निघाले. शिरवळ येईपर्यंत डोळे थांबत नव्हते. टेम्पोवाल्या पोराने काही न विचारता गाणी बंद केली, त्याचेही आभार. तुम्ही मोबाइल वापरत नाही, पण तुमचा नातू हे वाचून दाखवेल याची मला खात्री आहे. सगळ्यांसमोर लिहिते आहे ते मुद्दामच. ज्यांच्या माळ्यावर किंवा जिन्याखाली अशी एखादी सायकल उभी असेल, त्यांनी ती कुणाच्याही हाती देण्याआधी हे वाचावं.

माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन आता दीड वर्ष होईल. वाईहून पसरणीच्या शाळेत आणि मग आसपासच्या गावांत त्यांनी सगळी नोकरी याच सायकलवर केली. १९६१ साली, कोयनेच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा, तिथल्या एका ओव्हरसियरकडून त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. काळी, उंच फ्रेमची, रॉड ब्रेकची, आणि मागच्या चाकात तीन गिअर. आमच्या आळीत गिअरची सायकल दुसरी नव्हती. हँडलच्या उजव्या मुठीजवळ छोटा खटका होता. चढाला अण्णा तो ओढायचे आणि सायकल एकदम गप्प व्हायची. सपाटीला आले की पुन्हा मागच्या चाकातून टिकटिक सुरू. संध्याकाळी आम्ही भावंडं ओट्यावर बसून त्या टिकटिकीची वाट बघायचो. आधी आवाज यायचा, मग कोपऱ्यावर अण्णा दिसायचे.

ते गेल्यावर मी आणि भावाने ठरवलं की वर्षश्राद्धाच्या आत सायकल चालती करायची. आणि आम्ही चुकीच्या दारात गेलो.

त्या दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. जुन्या सायकली नव्या करून देतात अशी त्यांची ख्याती होती, भिंतीवर चकचकीत फोटो होते. पहिल्याच भेटीत त्यांनी सायकलकडे धड न बघता सांगितलं की सगळा रंग उडवून पावडर कोटिंग करू, सोनेरी रेघा स्टिकरच्या मारू. रंगाला मी नको म्हटलं, ते माझं नशीब. बाकी कामाला हो म्हटलं. सात महिने सायकल त्यांच्याकडे होती. फोन केला की "पुढच्या आठवड्यात". वर्षश्राद्ध होऊन गेलं. शेवटी मीच जाऊन उचलून आणली, तर पायडल अडकत अडकत फिरत होतं, गिअर पडत नव्हते, सीट पार खाली दाबून बसवलेली, आणि टिकटिक गेलेली. "जुन्या मालाचं असंच असतं," एवढं एकच वाक्य मिळालं. सात महिन्यांचं उत्तर.

मग अँटिकवाला. त्याने दुरूनच बघून सांगितलं की ही आसनसोलची सेन रॅले आहे, म्हणजे रॅलेची इथेच बनलेली सायकल, विलायती नाही, लोखंडापेक्षा थोडे जास्त देतो. त्याच आठवड्यात आमच्या एका नातेवाइकांनी शपथेवर सांगितलं की सायकल दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आहे, लाखाच्या खाली देऊ नका. दोघांपैकी कुणीही सायकलला हात लावला नव्हता.

आणि मग तुम्ही. मला आठवतं ते हे, की पहिला अर्धा तास तुम्ही पाना हातात घेतलाच नाहीत. लाकडी स्टुलावर बसलात, फडक्याला थोडं रॉकेल लावलंत आणि मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला गिअरचा भाग, पुसायला लागलात. मला वाटलं, साफसफाई चालली आहे. मग तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "वाचा." मळाच्या थराखाली स्टर्मी-आर्चर हे गिअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव कोरलेलं होतं, एडब्ल्यू ही मॉडेलची अक्षरं होती, आणि शेजारी ५२ आणि ६ हे आकडे. १९५२ चा जून. आपली स्वतःची जन्मतारीख पाठीवर घेऊन ती सायकल सत्तर वर्षं फिरत होती आणि आमच्या घरात कुणालाही ते माहीत नव्हतं. अण्णांना तरी माहीत होतं का, कोण जाणे.

तुम्ही तिथेच थांबला नाहीत. हब कुणी नंतरही बसवलेला असू शकतो, म्हणालात, एकट्या हबच्या सांगण्यावर जायचं नाही. मग एकेक जागा दाखवत गेलात. सीटखालच्या जोडावरचा नंबर. पुढच्या नळीवरचा पितळी बिल्ला, त्यावरचा रॅलेचा बगळा आणि नॉटिंगहॅम हे विलायती रॅलेच्या गावाचं नाव. पायडलच्या दातेरी चक्रात कापलेली तीन बगळ्यांची डोकी. बगळा सेन रॅलेवरही असायचा, नुसत्या बगळ्यावरून निकाल देणारे बरेच असतात, हेही तुम्ही सांगितलंत. नटबोल्टांच्या डोक्यांवरचं बारीक आर अक्षर मला भिंग घेऊन बघावं लागलं. आणि जे मूळचं नाही तेही तितक्याच सरळपणे सांगितलंत: पायडलं इथली, मागचं मडगार्ड इथलं, कॅरिअर कुठल्या तरी लोहाराने केलेलं. सीट मात्र ब्रुक्सचीच, चामडं सुकलेलं पण फाटलेलं नाही.

भावाने किमतीचं विचारलं. त्या वेळी तुम्ही जे बोललात ते त्याने घरी चार वेळा सांगितलं आहे. महायुद्धाच्या आधीची वगैरे काही नाही, कुणी लाख म्हणत असेल तर त्याच्याकडूनच लाख घ्या. पण भंगारही नाही. मूळचा रंग, मूळच्या रेघा, चालणारा हब आणि सायकल-कराचा नगरपालिकेचा तो झिजलेला बिल्ला, हे सगळं एकत्र असणं हीच हिची किंमत. रंग काढलात की निम्मी गेली. नवा रंग कधीही देता येतो, जुना परत आणता येत नाही. तुम्हाला दोन गोड थापा मारून आमच्याकडून हवं ते काम काढून घेता आलं असतं. आम्ही तयारच होतो. तुम्ही आमचा भ्रम मोडलात, आणि तरी आम्ही आलो तेव्हापेक्षा श्रीमंत होऊन निघालो.

बिघाडाचं कारणही तुमच्याकडेच कळलं. बीएसए या दुसऱ्या कंपनीच्या मापात बीबीच्या, म्हणजे पायडलच्या मधल्या धुऱ्याच्या, कपाला इंचाला २४ आटे असतात, रॅलेचं स्वतःचं माप २६ आट्यांचं. व्यास जवळजवळ तोच, त्यामुळे चुकीचा कप सुरुवातीचे दोन फेरे मुकाट जातो आणि मग अडतो. अडला की जाणता माणूस थांबतो. त्या पहिल्या दुकानवाल्यांनी पान्याला पाइप लावून पुढे रेटला होता. तुम्ही तो कप बाहेर काढलात तेव्हा त्याच्याबरोबर लोखंडाचे चकचकीत कीस पडले. तुम्ही ते तळहातावर घेऊन बघत राहिलात. कुणालाही शिवी दिली नाहीत. माझ्या मनात मात्र बऱ्याच होत्या.

आणि मग तुम्ही टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, म्हणून जे काढलंत ते मी आयुष्यात विसरणार नाही. रॅलेचाच एक जुना पोलादी कप, त्याच्या आट्यांवर कानशीने चार आडव्या खाचा पाडलेल्या. तेल लावून तो अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुन्हा तेल. पुसणं. पुन्हा अर्धा फेरा. घाई केली तर उरलेलं पण जाईल, एवढंच बोललात. दुपारी सुरू केलेलं ते काम दिवेलागणीला संपलं आणि नवा कप नुसत्या बोटांनी आत गेला. गिअरच्या हबमध्ये त्यांनी भसाभसा ग्रीस भरलं होतं. त्यातल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगांना ग्रीस चालत नाही, हबच्या आतले खटके चिकटून बसतात, पातळ तेलच लागतं, आणि ते घालायला कंपनीने हबवर छोटं टोपण दिलेलं आहे. ते टोपण त्यांनी उघडून तरी बघायचं होतं! तुम्ही हब खोलून रॉकेलने धुतलात, तेलाचे थेंब सोडलेत, चाक बसवलंत, उलटी सायकल हाताने फिरवलीत. टिकटिक. पुढचं काम मी दुकानाबाहेर उभं राहून ऐकलं, कारण आत उभं राहवेना.

पण या पत्राचं कारण यातलं काहीच नाही. ज्याच्या अंगात कारागिरी आहे तो आटे दुरुस्त करेल, हब खोलेल. कारण दुसरं आहे.

सायकल तयार झाली होती. सीट तेवढी राहिली होती. तुम्ही सीटचा दांडा बाहेर काढलात आणि उजेडात धरलात. दांड्याचा वरचा भाग बारीक गंजाच्या ठिपक्यांनी खडबडीत झाला होता, खालचा नळीत राहिलेला भाग गुळगुळीत. दोन्हींच्या मधे एक रेघ होती, पेन्सिलीने आखावी तशी. तुम्ही अंगठ्याचं नख त्या रेघेवर फिरवलंत आणि विचारलंत, "वडील उंच होते?"

मी म्हटलं, हो, सहा फुटांना थोडे कमी.

"मग सीट इथे होती. खाली यांनी दाबली. इतकी वर्षं सीट हलली नाही म्हणून रेघ पडली."

तुम्ही दांडा त्या रेघेपर्यंत आत घातलात, नट आवळलात, सायकल स्टँडवर लावलीत आणि बाजूला झालात. बोलला नाहीत. ती सीट माझ्या बरगडीला लागत होती. लहानपणी त्याच सीटच्या कडेला धरून मी सायकलमागे पळायचे, तेव्हा ती डोक्याच्याही वर असायची. अण्णांचे फोटो आहेत घरात, आवाजही आहे एका फोनमध्ये. पण त्यांची उंची अशी हाताला लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मी सीटवर हात ठेवून उभी होते तेवढ्यात तुम्ही मागच्या डब्यातून एक जुना स्पोक काढलात. नळीच्या जोडापासून सीटच्या पट्टीपर्यंत लावून बघितलात, पकडीने तोडलात, आणि टोक हाताला लागू नये म्हणून कानशीने घासलंत. घासलेल्या टोकावर स्वतःचं बोट फिरवून खात्री केलीत. मग तो मला दिलात. "सायकल वापरा. नुसती उभी ठेवू नका, उभ्या सायकलीचं तेल वाळतं. तुमच्या उंचीला सीट खाली घ्या, पोराला द्या, कुणालाही द्या. परत वडिलांच्या मापाला आणायची असली की हा लावून बघायचा."

बिलात त्याचे पैसे नव्हते. कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेलं ते बिल मी जपून ठेवलं आहे: छर्रे, कप, कोटर पिन, २८ बाय दीडचे दोन टायर, ट्यूबा, मजुरी. मजुरीचा आकडा वाचून भाऊ म्हणाला, काका, हे कमी आहे. तुम्ही म्हणालात, तेवढीच होते.

अण्णांची एक सवय होती. मुलाची वही हातात घेतली की आधी मुखपृष्ठावरचं नाव वाचायचे, मोठ्याने, आडनावासकट. मग आत उघडून चुका बघायचे. नाव न वाचता लाल पेन लावलं तर पोरगं वहीत नसतंच, म्हणायचे. त्या दिवशी तुम्ही हब पुसून "वाचा" म्हणालात तेव्हा मला तेच आठवलं. अशी माणसं मला आयुष्यात मोजकीच भेटली आहेत. अण्णांच्या शेवटच्या दिवसांत इंजेक्शन देताना दर वेळी "मास्तर, टोचतोय हं" म्हणणारा एक कंपाउंडर. रात्री शेवटच्या गाडीतून उतरल्यावर घराचा दिवा लागेपर्यंत गाडी थांबवून ठेवणारा एक एसटी कंडक्टर. त्यांच्या कामाच्या यादीत हे कुठेच लिहिलेलं नसतं. बोभाटा करणाऱ्यांची दुकानं मोठी होतात आणि तुमच्या दुकानाला पाटीसुद्धा नाही, याचा मला राग येतो. तुम्हाला येत नसावा, म्हणून मी तुमच्या वतीने तो इथे लिहून ठेवते.

आता खबरबात. रविवारी सकाळी मी सायकल काढते. सीट खाली घेते, दोन-तीन किलोमीटर जाऊन येते. तुम्ही सांगितलंत तसं महिन्याला हबचं टोपण उघडून थोडं तेल सोडते. ब्रुक्सच्या चामड्याला तेल पाजलेलं नाही, तुम्ही दिलेलं मेणच बोटाने चोळते. काळ्या रंगावर जिथे अण्णांच्या पँटचा क्लिप घासून घासून पत्रा दिसतो, ती जागा तशीच आहे.

दिवाळीत भाचा आला होता, चौदा वर्षांचा. त्याने सीट आपल्या मापाची करून घेतली आणि दोन तास सोसायटीला फेऱ्या मारल्या. त्या टिकटिकीने चौथ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या होत्या. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर पोरगा सायकलजवळ गुडघ्यावर बसलेला. खिळ्याला टांगलेला स्पोक त्याने काढून घेतला होता, एक डोळा मिटून जोडापासून सीटपर्यंत लावून बघत होता, आणि सीट अजून एक नखभर वर घ्यायची राहिली होती.

तुमची,
मास्तरांची मोठी मुलगी