वृद्धाश्रमांतील हेळसांड ओळखायला हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृद्धाश्रमातील छळाची चर्चा होते ती बहुधा मारहाणीचे चित्रीकरण बाहेर आल्यावरच. पण ज्यांचे कोणी अशा संस्थेत आहे, त्यांनी वळ शोधताना टाचा, माकडहाड आणि जीभही पाहावी, कारण हेळसांड आधी तिथे दिसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली नाही, तर हाडाच्या उंचवट्यावरची कातडी लाल होते. बोटाने दाबून सोडल्यावरही ती लाली तशीच राहिली, तर शय्याव्रणाची, म्हणजे सतत एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात समजावी. (सावळ्या त्वचेवर लाली चटकन कळत नाही, तिथे जागा गरम किंवा कडक लागते का, हे हाताने पाहावे.) कोरडी जीभ, गडद लघवी आणि एकाएकी वाढलेली असंबद्ध बडबड यांमागे कधीकधी एवढेच असते, की पाण्याचा पेला हात पोहोचणार नाही इतका दूर ठेवलेला आहे. माणूस सदा गुंगीत असेल, तर औषध कोणी आणि कशासाठी लिहून दिले, हे विचारलेच पाहिजे.

या साऱ्यावर ‘वय झालं, आता असं व्हायचंच’ असे उत्तर मिळते आणि नातेवाईक गप्प बसतात. तक्रार केली तर राग आपल्याच माणसावर निघेल, ही त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच वादावादीपेक्षा नोंदी महत्त्वाच्या आहेत: तारीख-वेळेसह छायाचित्रे, त्या व्यक्तीने एकांतात सांगितलेले तिचेच शब्द, बाहेरच्या डॉक्टरांची तपासणी आणि संस्थेतील औषधांच्या व शुश्रूषेच्या नोंदवहीची लेखी मागणी. जिवाला धोका दिसला, तर मात्र कागद जमवत न बसता आधी त्या व्यक्तीला सुरक्षित जागी हलवावे आणि पोलिसांना कळवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, अशा संस्थांतील दर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात आपल्या हातून ज्येष्ठांशी गैरवर्तन घडल्याचे स्वतःच सांगितले आहे. एवढे सगळे जण मुळातच निर्दयी असतील, हे मला पटत नाही. रात्रपाळीत एकट्या मदतनिसावर भरमसाट रुग्ण सोपवणाऱ्या व्यवस्थापनालाही जाब विचारला पाहिजे, आणि आतली गोष्ट बाहेर सांगणाऱ्या मदतनिसाची नोकरी शाबूत राहील, अशी तरतूद तपासणी यंत्रणेने करायला हवी. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे असतात, हा प्रश्न प्रवेश घेतानाच विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

आपली,
एक वाचक