क्रीडामंत्री साहेब, या पोराला तीन वर्षं मेडल मागू नका

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

साहेब, आधीच सांगून टाकतो, स्टेडियमसाठी निधी मागायला लिहीत नाहीये. बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे, 1994 च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं, 2008 ला कॉमनवेल्थ युथ गेम्स झाले, 2019 ला खेलो इंडिया झालं, त्यामुळं पुण्यात इमारती कमी आहेत असं म्हणायला आम्हाला तोंड नाही. मला वेळ मागायचाय. एखादा कच्चा पण दम असलेला पोरगा सापडला तर दोन-तीन वर्षं त्याच्याकडं कुणी मेडल मागू नये, सर्टिफिकेट मागू नये, एवढंच. ऐकायला फुकटचं वाटतं, पण आपल्याकडं नेमकं हेच मिळत नाही.

मी हडपसर साईडला संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल शिकवतो, दिवसा नोकरी. सध्या माझ्याकडं एक पोरगा आहे. नाव लिहीत नाही, लहान आहे आणि लोक लगेच इन्स्टावर शोधत बसतात. मूळ दौंडकडचा, वडील टेम्पो चालवतात, वय पंधरा, उंची सहा फूट पाच इंच आणि अजून थांबायचं नाव नाही. हात एवढे लांब की नुसत्या टाचा उचलल्या तरी बोटं नेटला लागतात. बास्केटबॉल हातात घेऊन जेमतेम दीड वर्ष झालंय, त्याआधी गावात व्हॉलीबॉल खेळायचा तोपण चपलेवर. त्याला बघितलं की प्रत्येक जण दोनच गोष्टी बोलतो, "काय खातो रे हा?" आणि "हा एनबीएत जाणार बघा."

कसला एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, जातोय. परवाचंच सांगतो. रिंगजवळ पाठ करून उभा केला, पास एकदम मस्त आला, यानं पकडला पण छान, आणि मग सवयीनं बॉल खाली पोटापाशी आणला. झालं. पाच फूट चार इंचाचा आमचा गार्ड मागनं आला, टपली मारली आणि बॉल घेऊन पळाला. पुढच्या वेळी बॉल कपाळाच्या वर ठेवला, कोपरं बाहेर काढली, सगळं बरोबर, पण वळताना रोवलेला पाय ड्रिबल टाकायच्या, म्हणजे बॉल जमिनीवर आपटायच्या आधीच उचलला, ट्रॅव्हल, म्हणजे फाऊल चाल, बॉल समोरच्या टीमला. तिसऱ्या वेळी पाय नीट राहिला तर डाव्या हातानं मारायचा शॉट उजव्यानं मारायला गेला आणि बॉल बोर्डाच्या खालच्या कडेवर आपटून त्याच्याच तोंडावर. पोरं हसली, तोपण हसला, मीपण हसलो. एकाच मिनिटात तीन चुका, आणि तिन्ही दुरुस्त होणाऱ्या आहेत. फक्त एका सीझनमध्ये नाही होणार.

आता या उंच पोराचं आपल्या शाळा स्पर्धेत काय होतं ते बघा. त्याला रिंगखाली उभं करतात, हात वर कर म्हणतात, बाकीचे चार जण वर बॉल टाकतात, समोरचा त्याच्या छातीला लागतो, दोन पॉइंट. शाळा जिंकते, जिल्हा होतो, विभाग होतो, दहावीला क्रीडा गुण मिळतात, पालक खूश, मुख्याध्यापक खूश, पेपरात फोटो. आणि पोरगा अठराव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःएवढ्याच उंचीच्या खेळाडूसमोर उभा राहतो तेव्हा कळतं की याला ड्रिबल येत नाही, पंधरा फुटांवरून शॉट येत नाही, दोघं जण एकदम अंगावर आले की पास कुठं द्यायचा ते माहीत नाही. मग लोक म्हणतात पोरात दम नव्हता. अहो दम होता, शिकवलंच नाही कुणी! आणि मी शाळेच्या सरांना दोष देत नाही बरं का, त्यांचं मानधन, पुढच्या वर्षीचं कंत्राट सगळं रिझल्टवर बघतात, ते बिचारे उंच पोराला तीन महिने बसून डावा हात कधी शिकवणार.

आणि खेळ पण बदललाय साहेब. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग आठवतोय का, सात फूट दोन इंच. लुधियानाला घडला, 2010 ला फ्लोरिडाच्या अकॅडमीत गेला आणि 2015 ला एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्सनं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू टीमना वाटून घ्यायच्या निवडीत, 52 व्या नंबरवर घेतला. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, केवढा आनंद झाला होता आपल्याला. पण एनबीएच्या सीझनची एकही मॅच नशिबात आली नाही. त्याची मेहनत काढायची माझी लायकी नाही. पण ज्या 2015 ला तो निवडला गेला त्याच वर्षी गोल्डन स्टेट ही टीम लांबून तीन-तीन पॉइंट मारत चॅम्पियन झालं, आणि तिथून पुढं रिंगखाली नुसता उभा राहणारा उंच माणूस टीमला परवडेनासा झाला. बाहेर येऊन छोट्या गार्डला अडवता आलं पाहिजे, लांबून मारता आलं पाहिजे, वरून पास देता आला पाहिजे. सर्बियाचा उंच खेळाडू निकोला योकिच बघा, 2014 च्या ड्राफ्टमध्ये 41 व्या नंबरवर गेला, त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती, आणि तोच माणूस पुढं तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू झाला. उडी बेताची, पळणं त्याहून बेताचं, पण हात आणि डोकं काय आहे ते सगळ्या जगानं बघितलं.

कच्च्या उंच पोराचं काय करायचं हे काही आज शोधायचं नाहीये. 1942 ला शिकागोच्या डीपॉल कॉलेजात जॉर्ज माइकन नावाचा सहा फूट दहा इंचाचा चष्मेवाला पोरगा आला, बेंगरूळ म्हणून दुसरीकडनं परत पाठवलेला. तिथले कोच रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, बॉक्सिंगची बॅग मारायला लावली, चक्क डान्सचे क्लास लावले, आणि रिंगखाली एकदा उजव्या एकदा डाव्या हातानं बॉल टाकायची ड्रिल तासन् तास करून घेतली. पुढं त्याच माइकननं मिनियापोलिस लेकर्स या टीमला एनबीएची पाच टायटल जिंकून दिली. ती ड्रिल आजही त्याच्याच नावानं चालते, आमच्या सिमेंटच्या कोर्टवर पण रोज संध्याकाळी चालते, आणि आमचा पोरगा डावीकडनं दहात चार घालतो. सुरुवातीला एकपण जात नव्हता.

आता मुख्य मुद्दा, आणि इथं जरा वेळ घेतो कारण यात तुमचा एक रुपयापण फारसा जाणार नाही. आपल्या शालेय स्पर्धा नॉकआउट असतात. हरला की बाहेर. म्हणजे वर्षभर घाम गाळून एखादी टीम पहिल्याच मॅचला हरली तर त्या पोरांचा त्या वर्षीचा ऑफिशियल बास्केटबॉल संपला. पूर्ण मॅच चाळीस मिनिटांची, शाळेत तर तेवढीपण नाही. कच्चा खेळाडू चुका करून शिकतो, पण चुका करायला मॅच तर पाहिजे ना. नॉकआउटमध्ये चूक परवडत नाही म्हणून सर त्याला बाहेर बसवतात, आणि बसवतात म्हणून तो शिकत नाही. याला साधा उपाय म्हणजे शनिवार-रविवारची लीग. पुण्यात कोर्ट काय कमी आहेत का, डेक्कन जिमखान्यापासून कॅम्पातल्या शाळांपर्यंत कुठं ना कुठं रिंग लागलेलीच आहे. जून ते सप्टेंबर पावसाचे सोडून द्या, ऑक्टोबर ते फेब्रुवारी एका ग्रुपमध्ये आठ टीम, प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, चौदा मॅच झाल्या. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसनं फक्त पंच, स्कोअरर आणि त्यांचं मानधन बघायचं, कोर्ट शाळा देतील. आणि एक नियम करा, प्रत्येक पोरानं कमीत कमी एक क्वार्टर, म्हणजे पाव मॅच खेळलंच पाहिजे. ओरडतील सगळे, ओरडू द्या.

याच्याच जोडीला वयाचं. चौदा वर्षांखालच्या टीममध्ये ज्याला मिशी आलीये तो स्टार असतो. काही ठिकाणी वय चोरलेलं असतं, तुम्हालाही माहितीये मलाही माहितीये, पण सगळीकडं चोरी नसते, काही पोरं खरंच लवकर वाढतात आणि साडेपाच फुटांवर थांबतात. उशिरा वाढणारा तोपर्यंत सिलेक्शनमधून कट झालेला असतो, मग अकरावीत एकदम ताडमाड होतो पण तेव्हा त्याच्याकडं बघायला कुणी नसतं. म्हणून चौदाव्या वर्षी फायनल सिलेक्शन नको. सोळाव्या, सतराव्या वर्षी परत ट्रायल घ्या, आधी कट झालेल्यांना मुद्दाम बोलावून घ्या.

झटपट वाढीचा दुसरा त्रास गुडघ्याचा. वाटीच्या खाली जिथं स्नायूचा टेंडन हाडाला मिळतो तिथं टेंगूळ येतं, उडी मारली की कळ जाते. आमच्या पोराला आलं तेव्हा कुणीतरी सांगितलं तेल लाव, कुणी सांगितलं खेळ बंद कर, शेवटी एका फिजिओनं नीट समजावलं की उड्या कमी करा, मांडीची ताकद वाढवा, वाढ थांबली की बहुतेक जातं. तिची फी मी दिली, पुढच्या वेळी कोण देणार? प्रत्येक क्लबला फिजिओ द्या असं नाही म्हणत. बालेवाडीला आठवड्यातनं एक दिवस वाढत्या वयाच्या खेळाडूंसाठी ओपीडी ठेवली, कुठल्याही खेळाचा पोरगा कोचची चिठ्ठी घेऊन येऊ शकतो, एवढं केलं तरी कितीतरी गुडघे वाचतील. सिमेंटवर उड्या मारणाऱ्यांचे तर आधी. (बुटांचं तर विचारूच नका. याला चौदा नंबर लागतो, लक्ष्मी रोड पालथा घातला, अकराच्या पुढं दुकानदार हसायला लागतो.)

आता तुम्ही म्हणाल तीन वर्षं खर्च करायचा आणि हातात काय? तर साहेब, आपल्याच राज्यानं हे करून दाखवलंय. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2009 ला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, तेव्हा तो नेमबाजपण नव्हता, खेळ नंतर ठरला. पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ आलं 2024 ला. पंधरा वर्षं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या मेडलनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूनं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल घ्यायला 72 वर्षं लागली, आणि ते आलं कशामुळं तर एका पोराला कुणीतरी इतकी वर्षं धरून ठेवलं, राहायला खोली दिली, रायफल दिली, आणि पुढं रेल्वेनं नोकरी दिली. मेडल आल्यावर सत्काराला सगळेच येतात हो. आपल्याकडं बाकी सगळीकडं उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, पोरानं एक जिल्हा मारला की ऑलिंपिकचे बॅनर चौकात.

पालकांचं म्हणाल तर ते एकच विचारतात, "सर, पुढं काय?" आणि मी खोटं बोलत नाही. सांगतो की एनबीए विसरा, तो आकडा लॉटरीचा आहे. 2015 ला यूबीए नावाची भारतातली बास्केटबॉल लीग आली होती, त्यात पुणे पेशवे नावाची आपली टीमपण होती, 2017 नंतर ती लीगच बंद पडली. आता आयएनबीएल नावाची दुसरी लीग चालू झालीये, बघू किती टिकते. ग्रेटर नोएडात 2017 ला एनबीएची अकॅडमी आली, तिथला पंजाबचा प्रिन्सपाल सिंग 2020 ला अमेरिकेत जी लीगच्या, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगच्या टीमकडं गेला, म्हणजे रस्ता आहे, फक्त अरुंद आहे. नाहीतर रेल्वे, पोलीस, आणि राज्याचं पाच टक्के क्रीडा आरक्षण. पण त्या आरक्षणालाही परत सर्टिफिकेटच लागतं, मग आई-बाप म्हणतात लवकर मेडल मिळेल अशा टीमकडनं खेळव, आणि आपण फिरून तिथंच येतो. परवा त्याचे वडील टेम्पो थांबवून कोर्टवर आले होते, एका शाळेनं फी माफ करून ॲडमिशन देऊ म्हणून सांगितलंय, फक्त यंदा राज्य स्पर्धेला रिंगखाली उभा राहायचं. मी काय सांगणार त्यांना, घरात अजून दोन पोरं शिकतायत.

तर माझं म्हणणं असं, की राज्यात फक्त वीस पोरापोरींची एक यादी करा. पोरींना पण घ्या, भारताकडून खेळलेली शिरीन लिमये आपल्या पुण्याचीच आहे. त्यांची शाळा-कॉलेजची फी, जेवण आणि प्रवास तीन वर्षं शासनानं उचलायचा, राज्य स्पर्धा खेळो न खेळो. दर सहा महिन्यांनी तपासा, पण मेडल नका तपासू, हे तपासा की डाव्या हातानं दहात किती जातात, फ्री थ्रो शंभरात किती, गुडघा कसा आहे, वजन किती वाढलं, शाळेत पास होतोय का. जो काहीच सुधारत नाही त्याला काढा खुशाल, मीच सांगेन काढा म्हणून. आणि पावसाळ्यात बालेवाडीच्या इनडोअर कोर्टवर या पोरांसाठी रोजचा एक स्लॉट राखून ठेवा, नुसता बालेवाडीला नाही तर पूर्व पुण्यात पण एखादं छप्पर बघा, कारण हडपसरहून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पीएमपीएमएलच्या बसनं बालेवाडी गाठेपर्यंत पोरगा पेंगायला लागतो आणि प्रॅक्टिस संपलेली असते.

यातलं काय जमेल, काय नाही, ते एकदा समोर बसून सांगा. शाळांचे ॲडमिशन व्हायच्या आत वेळ दिलीत तर बरं होईल, कारण त्या फी माफीवाल्या शाळेला वडिलांनी अजून हो म्हटलेलं नाही.

आपला,
एक बास्केटबॉल कोच, हडपसर

ता.क. कोर्ट बघायला आलात तर आनंदच आहे, पण प्लीज स्टेज नको. मागं एका कार्यक्रमासाठी कोर्टवर मांडव घातला होता, खांबांसाठी थ्री पॉइंट लाईनवर पाडलेले खड्डे अजून तसेच आहेत.