भाषण पडताळता आले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक राजकारणावरच्या व्याख्यानांना पुण्यात आजही सभागृहे भरतात, ही या शहराची मोठी कमाई आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेने लावलेली ऐकण्याची सवय भर उन्हाळ्यातही टिकून आहे. युक्रेन, गाझा किंवा तैवान असा विषय जाहीर झाला की ज्येष्ठ मंडळी लवकर येऊन पुढच्या रांगा धरतात आणि मागे स्पर्धा परीक्षेची मुले-मुली वह्या उघडून बसतात. हे पत्र मुख्यतः या मुलांसाठी आहे. वक्ता बोलेल ते त्यांच्या वहीत जसेच्या तसे उतरते, तेथून ते अभ्यासिकेतल्या इतरांकडे जाते आणि त्यातले कागदोपत्री काय व वक्त्याचे मत काय, हे वेगळे करण्याचे साधन त्यांच्या हाती कोणी देत नाही.

युक्रेनवरच्या एका व्याख्यानात असे ऐकले की, अण्वस्त्रे सोडल्यास तुमच्या रक्षणासाठी आम्ही लढू असे वचन अमेरिका व ब्रिटनने दिले होते आणि ते मोडले. टाळ्या झाल्या. ज्या बुडापेस्ट कराराचा हा संदर्भ होता, त्यावर ५ डिसेंबर १९९४ रोजी सह्या झाल्या. त्यात अवघी सहा कलमे आहेत आणि तो वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत. युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे व त्याच्याविरुद्ध बळ न वापरण्याचे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन या तिघांनीही त्यात मान्य केले आहे. फौज पाठवण्याचे मात्र कोणीच कबूल केलेले नाही. अण्वस्त्रांनिशी आक्रमण झाले किंवा तशी धमकी आली, तर सुरक्षा परिषदेकडे तातडीने दाद मागायची, मदतीबाबत एवढेच त्यात आहे, आणि त्या परिषदेत रशियाला नकाराधिकार आहे. ही कलमे वाचणाऱ्याचे अमेरिकेविषयीचे मत कदाचित सौम्य होणार नाही, पण वचन कोणी आणि कसे मोडले, हे त्याला नेमके सांगता येईल.

पॅलेस्टाइनबाबत अडचण निराळी आहे. एका बाजूचे वक्ते २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध भारताने दिलेल्या मतावर थांबतात, तर दुसऱ्या बाजूचे १९९२ मध्ये इस्रायलशी जुळलेल्या राजनैतिक संबंधांपासून सुरुवात करतात. भारताने त्या मतदानाआधी इराण व युगोस्लाव्हियासह संघराज्याची वेगळी योजना मांडली होती आणि सप्टेंबर १९५० मध्ये इस्रायलला मान्यताही दिली होती, हा सारा मधला भाग श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो. खरे तर भारताच्या भूमिकेतली गुंतागुंत तिथेच आहे.

यावर श्रोत्याने प्रश्न विचारावा म्हटले, तर शेवटच्या पाच-दहा मिनिटांत चिठ्ठ्या मागवल्या जातात, त्यांतल्या दोन-तीन वाचल्या जातात आणि आभारप्रदर्शन सुरू होते. प्रास्ताविक, सत्कार आणि परिचय यांत गेलेला वेळ प्रश्नोत्तरांतून कापला जातो, हे मला फार खटकते. आपला मुद्दा कोणीतरी उभे राहून तपासणार आहे हे ठाऊक असलेला वक्ता तयारीही अधिक काटेकोर करतो.

याच शहरात याहून चांगला पायंडा पडलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या कार्यक्रमात संघराज्याच्या प्रश्नावर भाषण केले, तेव्हा त्यांनी १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील तरतुदी घेऊन एकेक तपासली होती. ते भाषण छापले गेले, म्हणून आज कोणीही कायदा शेजारी ठेवून त्यांचा प्रत्येक मुद्दा पडताळू शकतो आणि हवे तर मतभेदही नोंदवू शकतो. त्या ताकदीच्या वक्त्याची अपेक्षा दर वेळी करता येणार नाही; पण बोलण्याला लेखी आधार असावा, ही अपेक्षा कोणाकडूनही करता येते.

म्हणून आयोजकांना विनंती आहे की, निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या प्रदेशाचा साधा नकाशा, महत्त्वाच्या करारांची व ठरावांची तारखांसह नावे आणि वक्त्याने सुचवलेली चार पुस्तके छापावीत. त्यांतले एखादे पुस्तक वक्त्याच्या मताविरुद्धचे असावे, आणि मराठीत उपलब्ध असेल ते आधी द्यावे. प्रश्नांसाठी किमान अर्धा तास राखून ठेवावा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. व्याख्यानाची बातमी देताना व्यासपीठावरील मान्यवरांची नावे थोडी कमी करून, वक्त्याने आधार म्हणून सांगितलेल्या करारातील किंवा ठरावातील संबंधित कलम मराठीत चौकटीत छापावे. सुरुवात येत्या वसंत व्याख्यानमालेच्या वृत्तांतांपासून करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक
सदाशिव पेठ, पुणे