वाय-फायचा पासवर्ड मालकाच्या हाती हवा

महोदय,

वाय-फाय बसवून घेणाऱ्या लहान व्यावसायिकांना कळकळीची विनंती: कंट्रोलरचा, म्हणजे सगळे वाय-फाय एका जागेवरून चालवणाऱ्या यंत्रणेचा, ॲडमिन पासवर्ड हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

लोअर परळच्या जुन्या औद्योगिक गाळ्यात माझा छापखाना आहे. दोन मजल्यांवर ५ ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी उपकरणे) आणि ते सांभाळणारा एक कंट्रोलर बसवला. बसवणाऱ्याने बिल घेतले, पासवर्ड स्वतःकडेच ठेवला आणि पुढे फोन उचलेनासा झाला. पासवर्डाअभावी नवा कंट्रोलर लावावा लागला. जुन्या कंट्रोलरशी जोडलेला पॉइंट नव्याला दाद देत नाही, म्हणून स्टुलावर चढून पाचही रीसेट करावे लागले. ऐन लग्नपत्रिकांच्या हंगामात दोन दिवस काम अडले. गिऱ्हाइकांपुढे मान खाली गेली.

मग आलेल्या तंत्रज्ञ मुलीने सगळे नीट समजावून सांगितले. आमच्या इमारतीत गाळ्याला गाळा लागून, त्यामुळे वाय-फायचीही दाटी. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ आणि ११ हे चॅनल (लहरींचे मार्ग) एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून तिने तेच वाटून दिले आणि सिग्नलची ताकद उतरवली. गिऱ्हाइकांचे नेटवर्क वेगळे केले. त्यांच्या फोनवरून आता आमच्या बिलांच्या संगणकापर्यंत पोहोचता येत नाही. जाताना तिने सेटिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर दिला आणि नवा पासवर्ड मलाच टाकायला लावला.

— एक छापखानाचालक, लोअर परळ, मुंबई