ताई, हे सगळ्यांसमोरच सांगायचं होतं

ताई, नमस्कार. परवा प्रयोग संपल्यावर गर्दीतून तुम्ही हळूच निघून गेलात, धड बोलताच आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

'श्यामची आई' स्टेजवर आणायचं ठरवलं तेव्हा मोठ्या आशेने ज्यांच्याकडे गेले त्यांनी काय काय ऐकवलं! एका नावाजलेल्या संस्थेने स्क्रिप्ट ठेवून घेतली आणि मग फोन उचलणंच बंद केलं. एका दिग्दर्शकांनी तर न वाचताच सांगितलं, अत्रेंचा 1953 चा सिनेमा आहे ना, मग नाटक कशाला, आणि करायचंच तर रडारड कमी करा, आजची मुलं बसणार नाहीत. साने गुरुजींनी 1933 मध्ये बहुतांश नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या 42 रात्री, म्हणजे पुस्तकातली प्रकरणं, सगळ्या श्यामच्याच तोंडून, दोन तासांत बसवायच्या कशा, मोठा श्याम सांगतच राहिला तर छोट्याने करायचं काय, ह्यावर कुणी पाच मिनिटं बोलायला तयार नव्हतं. तुम्ही अख्खी स्क्रिप्ट वाचून, पेन्सिलीने खुणा करून आलात, आणि एक रुपया घेतला नाहीत.

पण माझ्या मनात घर करून राहिलाय तो अंघोळीचा सीन. ओल्या पायांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई धोंड्यावर लुगड्याचे ओचे पसरते. आपला छोटा श्याम कितीही समजावलं तरी नुसती उडी मारून पुढे जायचा, आणि आईचं काम करणारीला भाड्याच्या लुगड्याची धास्ती. तुम्ही नोट्स देता देता उठलात, हॉलच्या धुळकट फरशीवर बसलात, स्वतःच्या चांगल्या साडीचा पदर पसरलात आणि म्हणालात, "ये, ठेव पाय." पोरगं आधी तुमच्या तोंडाकडे बघत राहिलं, मग एकेक पाय जपून ठेवला. पदरावर दोन मळकी पावलं उमटली, तुम्ही ती झटकलीसुद्धा नाहीत, पुढची नोट सांगायला लागलात. इतकं नाव असलेलं माणूस आमच्यासारख्या हौशी लोकांत इतक्या सहज खाली बसतं, ह्याचं मला अजून भरून येतं. अशी माणसं आहेत म्हणून तर नाटक करावंसं वाटतं हो.

त्याच रात्री मी तिथलं मोठ्या श्यामचं सगळं निवेदन काढून टाकलं, त्याची गरजच उरली नव्हती. आणि परवा त्या सीनला, बसणार नाहीत म्हणत होते ना, ती शाळेची पोरं चिडीचूप होती.

मोरी गायीचा प्रसंग घ्याच असं तुम्ही म्हणत होतात, तो लिहायला घेतलाय. झाला की घेऊन येते, पेन्सिल तयार ठेवा.