वहीत न लिहिलेलं नाव

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू सरकारी वकिलांच्या ऑफिसात रुजू होशील. सुरुवातीला चोरीच्या फायली देतील, ‘किरकोळ असतात’, असं तू म्हणालीस. तो शब्द मनातून जाईना.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात 1997 साली फेअर वेन ब्रायंट या कृष्णवर्णीय माणसाला पकडलं. झुडपं छाटायची कात्री चोरायला गेला होता. सरकारी वकिलाने आधीचे चार गुन्हे पुढे करून सराईत गुन्हेगाराला वाढीव शिक्षा देणारा कायदा लावला आणि त्याला जन्मठेप झाली. त्या चारांतला हिंसक म्हणावा असा एकच, तोही 1979 सालचा. एक तर दीडशे डॉलरच्या खोट्या चेकचा! 2020 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध एक मतांनी त्याचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. विरोधात एकट्या मुख्य न्यायाधीश बर्नेट जॉन्सन, त्या न्यायालयाच्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्य न्यायाधीश. त्यांनी या शिक्षेचं मूळ ‘पिग लॉज’मध्ये दाखवलं. गुलामी संपल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी गुरंढोरं, डुकरं चोरण्यासारख्या गुन्ह्यांच्या शिक्षा भयंकर वाढवल्या. नुकती सुटलेली माणसं पुन्हा तुरुंगात आणि तिथून सक्तीच्या मजुरीला. ब्रायंट त्याच ऑक्टोबरात पॅरोलवर सुटला. तेवीस वर्षांनी.

तो कायदा लावायचा की नाही, हे सरकारी वकील ठरवतो. आता तिथे तू बसणार.

तुला आठवतं का ठाऊक नाही. बारा वर्षांची होतीस, दुकानात चकाकत्या शाईचे पेन खिशात घातले होतेस. दारात गार्डने थांबवलं, तू रडायला लागलीस. ‘लहान आहे, होतं असं,’ म्हणत त्याने पेन काढून घेतले आणि सोडून दिलं. शेजारच्या काउंटरवर तुझ्याच वयाच्या एका कृष्णवर्णीय मुलाचं दप्तर उपडं केलं होतं. वही, दम्याचा पंप, अर्धं सँडविच. दुकानातलं काही निघालं नाही. तरी गार्डने त्याचं नाव वहीत लिहिलं. तुझं लिहिलं नाही, आणि मी तुझा हात धरून बाहेर पडलो. एक शब्द बोललो नाही. त्याची लाज आजही वाटते.

म्हणून, फायलीवर ‘आधीचे गुन्हे’ दिसले की पहिली नोंद कुठली ते शोध. तो तेव्हा केवढा होता, कुणी पकडलं, काय सापडलं.

पहिली फाइल संपली की फोन कर. केसबद्दल सांगता येणार नाही, ठाऊक आहे. शेवटच्या पानापर्यंत वाचलीस, एवढंच सांग.

तुझा,
बाबा