चि. मुक्तास

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्याला आज चार दिवस झाले. मुलांची पुस्तकं लिहून कुणाचं घर चालतं, असं मी म्हणायला नको होतं. या पत्रात पैशाचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच बसले आहे.

काल माळ्यावरची पेटी काढली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे निघाला. बाबांनी पुठ्ठ्याला लावलेली खाकी पट्टी अजून आहे, आणि आतल्या पानावर माझ्या बोटाचा हळदीचा डाग. तुला कांजिण्या आल्या होत्या तेव्हाचा. भाजी फोडणीला टाकून यायचं, दोन पानं वाचायची, की परत आत. अंगात ताप, तरी तू फेणेसारखं 'ट्टॉक' करायचीस. फुरसुंगीला बन्या फेणेचं घर दाखवा म्हणून हट्ट धरलास, तर बरी झाल्यावर बाबांनी स्कूटरवरून खरंच नेलं.

भा. रा. भागवत १९१०चे. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठी मुलांच्या हातात दिला, 'बालमित्र' मासिक काढलं. ते पुढे बंद पडलं. त्यांच्या पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठीच लिहायच्या. मासिक बंद पडलं त्या महिन्यात त्या घरात वाण्याचं बिल कसं भागलं असेल, हेच माझ्या मनात येत राहतं. बघ, आलेच मी तिथे. फेणेवर सिनेमा आला २०१७ साली. भागवत जाऊन तोवर सोळा वर्षं झाली होती.

निदान अर्धवेळ नोकरी धर गं. करार वाचल्याशिवाय सही करू नकोस, एकरकमी पैशाला भुलून हक्क लिहून देऊ नकोस. अण्णाकाकांनी प्रेस काढली तेव्हा काकूच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. नको, पुरे. माफ कर.

तुझी खारीची गोष्ट मी शेजारच्या ओवीला वाचून दाखवली. संपली की ती "परत" म्हणायची. तीनदा वाचली. खार पावसात बी विसरते, तिथे तिने माझा हात धरून ठेवला. रात्री मी एकटीने पुन्हा वाचली. इतकं तुला कधी सुचलं, मला कळलंच नाही.

पुस्तकं कुरियरने पाठवते आहे. हळदीच्या डागाचं तेवढं मी ठेवून घेतलंय. घरभाडं कितव्या तारखेला द्यावं लागतं, ते कळव.

तुझी,
आई